लाल मातीवरचं गाऱ्हाणं

माझा स्वभाव संशयी आहे. हे मीच सांगून टाकते, कारण दुसऱ्या कुणी सांगितलं की मला राग येतो. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आधी खारेपाटणच्या बाजूला, मग इथे मालवणजवळ. त्या एकतीस वर्षांत परीक्षेच्या वर्गात मी मुलांच्या हातांकडे कधी बघितलं नाही. हात सगळेच लपवतात. मी पायांकडे बघायचे. ज्याच्याजवळ चिठ्ठी असते तो पाय बाकाखाली ओढून घेतो आणि एकावर एक ठेवतो. का ते देव जाणे, पण माझा अंदाज कधी चुकला नाही. माणूस निवृत्त झाला तरी संशय निवृत्त होत नाही, तो मग शेजारीपाजारी फिरायला लागतो.

शेजार म्हणजे वयनी. आमच्या दोन घरांमध्ये छातीइतका चिऱ्यांचा गडगा आहे. त्याचे मधले चार चिरे कधीतरी पडले, ते आम्ही मुद्दामच परत लावले नाहीत. मी आरोंद्याची, ख्रिस्ती. ती तळेऱ्यापलीकडच्या काजूवाल्या गावातली, इथे गावच्या मानकऱ्यांच्या घरात दिलेली. माझा नवरा तिच्या नवऱ्याला भाऊ म्हणायचा म्हणून ती माझी वयनी झाली. ती मला बाई म्हणते, जशी सगळी वाडी म्हणते. मी अडुसष्टची, ती सहासष्टची. दोघींचेही नवरे गेले. मला मूलबाळ नाही, तिला एक मुलगी, ती कोल्हापुरात असते.

टेनिस आमच्या घरात आणलं माझ्या नवऱ्याने. तो बोटीवर होता. बंदराबंदरात टीव्हीवर बघून बघून त्याला त्या खेळाचं वेड लागलं, आणि सुट्टीवर आला की मला शेजारी बसवून गुण कसे मोजतात ते शिकवायचा. पंधरा, तीस आणि मग एकदम चाळीस. पंचेचाळीस का नाही, म्हणून मी पहिल्याच दिवशी भांडले होते. मला अजून वाटतं त्यात काहीतरी लबाडी आहे. तो गेला त्यानंतरच्या दिवसांत वयनी रोज पेजेचं भांडं घेऊन यायची आणि मी खाईपर्यंत उठायची नाही. बोलायला दोघींकडे काही नसायचं, म्हणून टीव्ही लावलेला असायचा. एक दिवस तिने विचारलं, चेंडू जाळ्यात गेल्यावर ती पोर कपाळावर हात का मारून घेते? जाळ्यात गावला म्हणजे चांगलंच झालं ना? आमच्या किनाऱ्यावर जाळ्यात आलं ते कमावलं. तिला हे पटवायला मला चार दिवस लागले, आणि नवरा गेल्यावर मी पहिल्यांदा हसले ती त्या चार दिवसांत.

पुढची गोष्ट कळायला गाऱ्हाणं म्हणजे काय ते माहीत हवं. आमच्याकडे कुठलंही काम गावकरी देवाला सांगितल्याशिवाय करत नाहीत. मानकरी हात जोडून देवापुढे उभा राहतो आणि काय हवं, का हवं, कुणासाठी हवं, ते खणखणीत आवाजात सांगतो. तो मधे मधे थांबतो आणि प्रत्येक थांब्याला बाकीचे म्हणतात, व्हय म्हाराजा. हे नुसतं आमेन म्हणण्यासारखं नाही. एकदा व्हय म्हटलं की ते मागणं तुमचंही झालं, मग नंतर मी नव्हतो त्यात असं म्हणता येत नाही. वयनीचा सासरा गाऱ्हाणं घालायचा, मग नवरा घालायला लागला. तिने चाळीस वर्षं बायकांच्या घोळक्यात मागे उभं राहून ऐकलं. शब्दन् शब्द पाठ. पण बाईमाणसाला ते घालता येत नाही.

मग तिने ते माझ्या घरात घातलं. कुणीतरी एक खेळाडू लंगडत लंगडत मैदानावर येत होती. वयनी एकदम उठली, मारियेच्या तसबिरीखाली हात जोडून उभी राहिली आणि त्या परक्या मुलीसाठी तिने पूर्ण गाऱ्हाणं घातलं, बारा गावच्या आणि बारा येशीच्या देवाला हाक मारून. मी बसल्याजागी व्हय म्हाराजा म्हटलं. ती मुलगी हरली, पण आमचा रिवाज सुरू झाला. मोठी स्पर्धा असली की शेवटच्या चौघींचं गाऱ्हाणं व्हायचंच. अमकीला जिंकव असं मागायचं नाही, हा नियम. जिंकणं कुणाला काय देईल, तेवढं प्रत्येकीच्या वतीने देवाच्या कानावर घालायचं. ती म्हणायची, आपण वकील, निकाल तेचो.

ह्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीला, लाल मातीवरची स्पर्धा सुरू झाली तेव्हाच मला पहिली शंका आली. वयनीने आगोट केली नव्हती. पावसाचे चार महिने घरात बसून खायचं म्हणजे उन्हाळ्यातच सगळी बेगमी करावी लागते, तिला आम्ही आगोट म्हणतो. सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, खारे बांगडे, कोकमाची सोलं, पडवीत रचलेली लाकडं. वयनीची आगोट वाडीत सगळ्यात आधी व्हायची आणि मला ती रोज टोमणे मारायची, की बाई, तू काय पावसात पुस्तकं खातलंस? ह्या वर्षी तिची पडवी रिकामी. अंगणात सोलं वाळत घातलेली नाहीत. ओटीला लावायचे माडाचे झाप विणायला घेतलेले नाहीत, आणि झाप नसले तर पाऊस सरळ माजघरात येतो. सुकी मासळी विकणारी दारावर आली तिला मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, वयनीन ह्या वर्सा कायच घेवक नाय.

जी बाई पावसाची तयारी करत नाही, ती पावसात इथे राहणार नाही. ह्याला काही मोठी अक्कल लागत नाही.

मग चाकांच्या खुणा दिसल्या. ही लाल मातीवरची स्पर्धा मला सगळ्यात जास्त आवडते, कारण त्या मातीत चेंडू पडला की खूण राहते. वाद झाला की पंच खुर्चीवरून उतरतो, खाली वाकून खूण बघतो आणि निकाल देतो. माणूस खोटं बोलेल, माती खोटं बोलत नाही. आमच्या अंगणाची मातीही तीच. एका सकाळी गडग्यावरून पाहिलं तर वयनीच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, रुंद चाकांच्या खुणा, मागच्या दारापर्यंत गेलेल्या आणि परत वळलेल्या. आदल्या दिवशी मी मालवणात दात दाखवायला गेले होते. म्हणजे मी नसतानाची वेळ बघून गाडी आली होती. मी विचारलं, काल कोण आलेलं? ती म्हणाली, कोण नाय गो, आणि माडाकडे बघायला लागली.

माझ्या डोक्यात लगेच सगळं जुळलं. किनाऱ्यावर आता ज्याच्या त्याच्या जागेवर कुणाचा ना कुणाचा डोळा आहे. मुलीने गिऱ्हाईक आणलं असणार. आईला कोल्हापुरात नेऊन फ्लॅटच्या बाल्कनीत बसवायचं आणि इथे हॉटेल उठवायचं. वयनीला हे नको असणार, पण मुलीपुढे बोलता येत नसणार, म्हणून ती गप्प. मला मुलीचा इतका राग आला की तिच्या लग्नात मी दिलेली कासवाच्या आकाराची फुलदाणीसुद्धा परत मागावीशी वाटली. पण वयनीला मी काही विचारलं नाही. कॉपी पकडायची तर हातात चिठ्ठी येईपर्यंत थांबायचं असतं.

उपांत्य फेरीच्या संध्याकाळी ती नेहमीसारखी आली. चौघी उरल्या होत्या, आणि त्या चौघींवरही माझा विश्वास नव्हता. पहिली होती ती जगात अव्वल, सगळं जिंकून बसलेली. तिचं हसू मला इस्त्री केलेलं वाटायचं. दुसरी ह्याच मातीवर तीन वेळा शेवटचा सामना हरलेली, ती गुण गेला की आधी रडायची तयारी करायची आणि मग खेळायची. तिसरी एकोणीस वर्षांची, कुठल्यातरी चिमुकल्या देशातली. तिचा बाप प्रेक्षकांत बसून तिला खाणाखुणा करायचा. पूर्वी ह्याला बंदी होती, आता म्हणे ते चालतं. म्हणजे कॉपीला परवानगी, झालं कल्याण. आणि चौथी अडतीस वर्षांची, गुडघ्याला पट्ट्या, घरी लहान मूल. ती मधेच दुखणं काढून पाच मिनिटं आत जायची आणि परत आली की वाऱ्यासारखी धावायची. आमच्या शाळेत ऐन प्रश्नपत्रिकेच्या वेळी ज्यांचं पोट दुखायचं ती मुलं मला आठवायची.

वयनीने पदर खोचला आणि उभी राहिली. पहिलीसाठी तिने देवाला सांगितलं, की हिला जिंकून नवीन काही मिळायचं नाही, जिंकली तर कोण विचारत नाही आणि हरली तर जग विचारतं, म्हणून हिला जिंकणं म्हणजे एक रात्र सुखाची झोप. दुसरीला जिंकणं म्हणजे सुटका, इतकी वर्षं ज्या दारावरून रिकामी परत गेली त्या दारासमोरून मान वर करून जाता येईल. तिसरीला जिंकणं म्हणजे बापाचं ओझं उतरणं, तो बापडा उन्हात डोक्याला हात लावून बसतो, त्याला सावलीत बसता येईल. प्रत्येकीला मी व्हय म्हाराजा दिलं, थोडं कुरकुरत. मग चौथीवर ती आली, आणि तिचा आवाज बदलला.

“ही चौथी, म्हाराजा. हिचो गुडघो सुजलेलो आसा. सगळी हिका सांगतत, बाये, झाला तितक्या पुरे, आता घराक बस. ही बसणा नाय. हिच्या मनात काय आसा ता तुका म्हायत.”

एवढंच म्हणून ती थांबली. बाकीच्या तिघींसाठी तिने पाच पाच मिनिटं घेतली होती. मी व्हय म्हटलं आणि तिच्याकडे बघितलं. तोवर ती खुर्चीत येऊन बसली होती आणि तिने पाय खुर्चीखाली ओढून घेतले होते, एकावर एक.

हातात चिठ्ठी आली. अडतीस वर्षांची म्हणजे ह्या खेळात म्हातारीच, आणि त्या म्हातारीवर वयनीने काहीतरी लावलं होतं. आमचा नियम मोडून, मनातल्या मनात, देवाशी परस्पर ठरवून. आता काय लावलं असेल, ते ओळखायला मी दुसरा सगळा दिवस घालवला. देवळात जाऊन कौल लावायचा तर प्रश्न सगळ्या गावासमोर मोठ्याने सांगावा लागतो, आणि तिला तो गावाला कळू द्यायचा नव्हता. म्हणून तिने टीव्हीलाच देऊळ केलं. हे कळलं तेव्हा मला तिची कीवही आली आणि थोडं कौतुकही वाटलं. नाक्यावरचा रिक्षावाला माझा जुना विद्यार्थी, त्याला खोदून विचारलं तर तो म्हणाला, वयनी विचारत होत्या, की तळेऱ्याहून कोल्हापूरची गाडी सकाळी किती वाजता मिळते. झालं. जायचं की राहायचं, हाच प्रश्न. आणि ती म्हातारी कोण? जिला सगळे सांगतात की मैदान सोड आणि जी सोडत नाही, ती. म्हणजे म्हातारी जिंकली तर वयनी राहणार. एकोणीस वर्षांची पोर जिंकली तर म्हातारीने गाशा गुंडाळायचा आणि वयनीनेही. मला स्वतःच्या हुशारीचा इतका अभिमान वाटला की मी त्या रात्री शांत झोपले.

उपांत्य सामन्यात म्हातारीने अव्वल असलेलीला हरवलं होतं, आणि पोरीने तीन वेळा हरलेलीला चौथ्यांदा रडवलं होतं. शनिवारी संध्याकाळी शेवटचा सामना त्या दोघींचा. मी दुपारीच जपमाळ काढून ठेवली. देवाशी माझं आणि वयनीचं खातं वेगवेगळं आहे, पण अशा वेळी दोन्हीकडून अर्ज गेलेला बरा. खरं सांगते, मी घाबरले होते. नवरा गेला तेव्हा मी एकटी झाले नाही, कारण गडग्यापलीकडे दिवा असायचा. तो दिवा विझला तर मी त्या घरात नुसती पुस्तकं वाळत घालत बसले असते.

सामन्याआधी वयनी परत उभी राहिली. दोघींसाठी वेगवेगळं घालायचं तर तिने एकच घातलं.

“बा देवा म्हाराजा, ह्या म्हातारेच्या मनात जा आसा, ताच माझ्या मनात आसा. तिचा पार पाडलंस तर माझाय पार पाड. आणि त्या कामात माझ्या बाईन माका साथ देवची, असा कर रे म्हाराजा.”

मी एकदा नाही, तीनदा व्हय म्हाराजा म्हटलं. आणि चांगलं खणखणीत. मनात म्हटलं, साथ? अगो, तुझ्या मुलीशी भांडायला मी स्वतः कोल्हापूरला जाईन.

पहिला सेट पोरीने घेतला, दुसरा म्हातारीने. मधे म्हातारी दुखणं काढून आत गेली तेव्हा मी पहिल्यांदाच तिला लबाड म्हटलं नाही. तिसऱ्या सेटमध्ये चार-चार बरोबरी असताना म्हातारीची सर्व्हिस होती, आणि पोरीचा एक चेंडू रेषेच्या जवळ पडला. रेषेवर उभ्या असलेल्या माणसाने हात वर करून बाहेर म्हणून सांगितलं. पंच खुर्चीवरून उतरायला लागला. इतक्यात म्हातारी स्वतः चालत गेली, तिने खूण बघितली, बुटाने ती पुसून टाकली आणि पोरीकडे हात केला. चेंडू आत होता. गुण पोरीचा, आणि त्या गुणाबरोबर गेमही. आता पोरीला नुसती आपली सर्व्हिस राखायची होती की चषक तिचा.

मी तोंडाला येईल ते बोलले. पंच उतरत होता, तर त्याला उतरू द्यायचं. कदाचित त्याला दिसलं नसतं. अडतिसाव्या वर्षी एवढी अक्कल नाही? वयनी टीव्हीवरची नजर न काढता हळूच म्हणाली, “तिका चोरून जिंकूक नको, बाई.” आणि मग तिचा चेहरा असा झाला, जसं काही हे वाक्य दुसऱ्याच कुणी तिला ऐकवलं होतं.

पोरीचे चेंडू जाळ्यात जायला लागले. तिच्या बापाने डोळे झाकून घेतले. म्हातारीने तो गेम ओढून घेतला, मग आपला, मग पुन्हा पोरीचा. सात-पाच. ती लाल मातीत पाठ टेकून आडवी झाली आणि मी ह्या वयात खुर्चीवरून उडी मारली. पाय मुरगळला असता, पण कुणाला पर्वा. मी वळून वयनीचा हात धरायला गेले तर ती बसलेलीच. डोळ्यांत पाणी, आणि ते आनंदाचं आहे की कशाचं ते मला कळेना.

“बाई,” ती म्हणाली, “मी जातंय.”

मग तिने सगळं सांगितलं. मुलीने कोल्हापुरात खानावळ काढली आहे, हे मला माहीत होतं. तिथली स्वयंपाकीण सोडून गेली, हे नव्हतं. मुलीने एवढंच विचारलं होतं, की आये, तू येऊन बघतेस का? जागा विकायची गोष्ट कुणाच्या मनातही नव्हती. मी नसताना आली ती गाडी म्हणजे टेम्पो, आणि त्यातून वयनीचा पाटा-वरवंटा गेला होता, कारण मिक्सरमधलं वाटप तिला पटत नाही. चाळीस वर्षं मी रांधलं, ती म्हणाली, आणि घरातल्यांनी जेवून हात धुतले. आता कुणीतरी घाटावरून विचारतंय, की तुझ्या हातचं लोकांना वाढू काय. सगळे म्हणतील, ह्या वयात कशाला, घरी बस. मला बसायचं नाही.

ती म्हातारी घरी बसली नाही, हे वयनीने माझ्यासमोर, माझ्या घरात, देवाला मोठ्याने सांगितलं होतं. मी ते ऐकलं होतं आणि मला हवा तो अर्थ काढला होता. एकतीस वर्षं मुलांना उताऱ्यावरचे प्रश्न सोडवायला शिकवलं, आणि स्वतः एका ओळीच्या उताऱ्यात नापास झाले.

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस? चोरासारखी सामान काय पाठवतेस? ती म्हणाली, तू नको म्हणाली असतीस तर मी राहिले असते, आणि राहिले असते तर तुझ्यावर जन्मभर धुसफुसले असते. तुला न विचारता जायचं ठरवलेलं. पण त्या म्हातारीने खूण पुसली तेव्हा मला लाज वाटली. मी म्हटलं, मी कधी व्हय म्हटलंय ह्याला? ती पदराने नाक पुसत म्हणाली, आत्ताच. तीन वेळा.

मी तिला घरी जा म्हणून सांगितलं.

ती गेल्यावर टीव्हीवर बक्षीस समारंभ चालला होता. म्हातारीच्या कडेवर तिचं मूल होतं आणि तिच्या शेजारी ती एकोणीस वर्षांची पोर हरलेलीला देतात ती ताटली हातात घेऊन उभी होती. सगळे म्हातारीकडे बघत होते. मी त्या पोरीकडे बघत राहिले. वयनीने चौघींचं गाऱ्हाणं घातलं, जिंकणं म्हणजे प्रत्येकीला काय ते देवाला सांगितलं, माझं मात्र कुणी सांगितलं नाही. ह्या सामन्यात मी पण आहे, हेच मला माहीत नव्हतं.

दोन दिवस मी गडग्याकडे फिरकले नाही. तिने पेजेचं भांडं चिऱ्यांवर ठेवलं तेही आत घेतलं नाही, पेज कावळ्यांनी खाल्ली. खोटं कशाला बोलू, मला वाटत होतं की मी रागावून राहिले तर ती राहील. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ती कंबर धरून एकटीच ओटी सारवत होती. सोडून जायच्या घराची ओटी. मला स्वतःचीच किळस आली. मी झाप विणणाऱ्याला बोलावलं आणि तिच्या ओटीला झाप लावून घेतले. ती बघत राहिली, मी तिच्याशी बोलले नाही. बोलले ते झापवाल्याशी, की अरे, वरच्या बाजूला नीट बांध, पश्चिमेचा पाऊस आहे.

बुधवारी सकाळी रिक्षा आली. वयनीने घराची किल्ली माझ्या हातात दिली, रिक्षात बसली, मांडीवर पिशवी घेतली. माझा विद्यार्थी हँडलवर हात ठेवून थांबला होता. सुकी मासळीवाली नेमकी त्याच वेळी आली, तीही टोपली डोक्यावर घेऊन बघत उभी राहिली. वयनीने डोळ्यांना पदर लावला तेव्हा मी पुढे झाले आणि हात जोडले. मी ख्रिस्ती, त्यात बाई, आणि गाऱ्हाणं आयुष्यात कधी घातलेलं नाही. पण एवढी वर्षं ऐकलं होतं.

बारा गावच्या, बारा येशीच्या देवाला मी हाक मारली. सांगितलं, ही तुझी लेक आज घाट चढून जाते आहे. रिक्षावाला आणि मासळीवाली दोघांच्याही तोंडून आपसूक आलं, व्हय म्हाराजा. आमच्याकडे सुरुवात ऐकली की तोंड आपोआप उघडतं. मी सांगितलं, हिची कंबर धरते पण ही घरी बसत नाही. व्हय म्हाराजा. हिच्या हातच्या वाटपाला यश दे, आणि कोल्हापूरच्या माणसांना आमचं तिखट कमी पडलं तर तो दोष हिच्यावर येऊ देऊ नको. व्हय म्हाराजा. आता वयनीनेही हात जोडले होते, डोळे मिटले होते, आणि तीही त्यांच्यात सूर मिसळत होती. मी आवाज चढवला.

“आणि पुढच्या आगोटीक, लाल मातीवरचो खेळ सुरू होवच्या आधी, जिंकलेली असो नायतर हरलेली असो, हिका माझ्या घरात हाडून बसव रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” वयनी म्हणाली. सगळ्यांत मोठा आवाज तिचाच.

मग तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आता परत यावंच लागेल, फिरवता यायचं नाही. रिक्षावाला हसला आणि त्याने गाडी सुरू केली. ती रागावल्यासारखं तोंड करून बसली. मी सवयीने खाली बघितलं. तिने पाय सीटखाली ओढून घेतले होते, एकावर एक. म्हणजे ते व्हय चुकून आलं नव्हतं. मी काय मागणार ते तिने आधीच ओळखलं होतं. त्या दिवशी मी कॉपी पकडली नाही, रिक्षाला जायला वाट दिली.